इटलीतला कावळा

नाही जी गुरुजी, तो हार ठेवा पिशवीत. पंधरा ऑगस्टले तुमच्या शाळेत इटली जिंकणारा जवान म्हणून मी बसू? माह्या हातात बंदूक नव्हती जी, झारा होता! इंग्रजांच्या पलटणीचा आचारी मी — पारशिवनीचा शालिकराम. अठ्ठावीस वर्षं नागपूरले बर्डीवर चहा पिता-पिता बाता मारल्या, त्या आता तुमच्या शाळेपर्यंत पोचल्या, तं दोष कोणाचा? माहाच.

खरं सांगू? पहाडावरचं लहानसं गाव होतं, भोवती जुना दगडी कोट. कोण्या राजाले म्हणे तो कधी सर झाला नाही — मी मात्र उघड्या दारातून शिरलो! तिकडं शिंगाड्यासारखं एक फळ होते, त्याच्या पिठाची भाकर करत ते लोक. आचारी माणूस, जीव राहीना. थंडीची सकाळ, देवळाची घंटा झाली अन् सारं गाव मसणवटीत गेलं. एका घराचं दार सताड उघडं — टेबलावर पाव, तीच फळं उकडलेली, दारूचा पेला, खुर्ची ओढून ठेवलेली, अन् माणूस एक नाही. मले वाटलं, जिंकणाऱ्याचा पाहुणचार मांडला! बसलो. ताटली बोटानं पुसून खाल्ली.

तेवढ्यात म्हातारी आली, दारातच थांबली. मी पोटावरून हात फिरवून हसलो — बेशरम! तिनं भिंतीवरचा पोराचा फोटो दाखवला, मंग खुर्ची दाखवली. तवा डोस्क्यात उजेड पडला. पित्रं होती जी त्यांची! आपण सर्वपित्रीले पान ठेवतो ना, तसंच — वर्षातून एक दिवस मेलेलं माणूस घरी येते, म्हणून दार उघडं. अन् आलं कोण? शालिकराम कावळा!

पळणार होतो, तं तिनं खांदा दाबून बसवलं, अजून वाढलं. खाल्लं का म्हणता? खाल्लं, पोटभर.

ते पोरगं? फौजी कपड्यात होतं फोटोत. आमच्या दुभाष्यानं मंग सांगितलं — आफ्रिकेत मेलं, लढाईत. कोणाशी लढता-लढता, हे मी कायले इचारलं... आमच्याच हिंदुस्थानी पलटणींशी, गुरुजी. तिले ठाऊक होतं. माह्या अंगावर त्याच पलटणींचा ड्रेस होता — अन् ती वाढून राहिली होती.

घरात बायकोले, सुभद्रेलेही हे कधी सांगितलं नाही. तुम्हाले काहून सांगून राहिलो?

उठा जी. पोरांले काहीही सांगा — म्हाताऱ्याचा गुडघा धरला म्हणा.