हरिचंद मिस्त्री यांचे डावे बोट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्याचे मालक माननीय किसनरावजी, व्यासपीठावर विराजमान झालेले हेडमास्तरसाहेब, सत्कारमूर्ती हरिचंद मिस्त्री, कारखान्यातील कामगार बंधू-भगिनी, आणि चहाच्या आमंत्रणाला मान देऊन वेळेच्या आधीच आलेले हिंगोलीचे नागरिकहो,

मी व्यंकटराव, या कारखान्याच्या गोदामाचा कारकून. माझा लोखंडाशी संबंध ते मोजून ठेवण्यापुरता. तरीही मिस्त्रींवर बोलण्याचे काम माझ्याकडे आले, कारण त्या दिवशी मी त्यांच्या सर्वांत जवळ उभा होतो. माझे तोंड भिंतीकडे होते, हे आधीच सांगून ठेवतो.

हरिचंद मिस्त्री नरसीजवळच्या तांड्यावरचे. सिकंदराबादेला रेल्वेच्या कारखान्यात वेल्डिंग शिकले आणि आमच्याकडे वेल्डिंगचे मशीन आले त्याच हंगामात रुजू झाले. त्याआधी आपल्याकडे काय व्हायचे? सरकी काढणाऱ्या जिनचा एखादा दांडा मोडला की तो गाडीने मुंबईला जायचा. दुरुस्त होऊन परत यायचा तेव्हा हंगाम संपलेला असायचा. मग आम्ही तो तेल लावून पुढच्या वर्षासाठी ठेवायचो.

हे मशीन म्हणजे आहे तरी काय? इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा एक डायनॅमो. त्यातून दोन जाड तारा निघतात. एका तारेचा चिमटा मोडलेल्या लोखंडाला लावायचा, दुसऱ्या तारेच्या टोकाला लोखंडी काडी धरायची. काडी टेकवून किंचित उचलली की मधल्या फटीतून वीज उडी मारते. त्या उडीत एवढी आग असते की काडीही वितळते आणि खालचे लोखंडही. दोन्ही एक होऊन निवतात. वरची साल हातोडीने ठोकून काढली की सांधा तयार. करंट वाढवला तर तीच आग जोडण्याऐवजी तोडते. हे सर्व मला मिस्त्रींनी समजावले होते. मला ते समजले असे त्यांना आजही वाटते.

पहिल्या दिवशी हा उजेड पाहायला अर्धे गाव लोटले होते. मिस्त्री ओरडून सांगत होते, "उघड्या डोळ्यानं बगू नका!" हिंगोलीकर एखादी गोष्ट पाहू नका म्हटल्यावर काय करतात हे मी आपल्याला सांगायला नको. दुसऱ्या दिवशी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होऊन कचेरीतले बरेच कामकाज तहकूब राहिले.

आता मूळ गोष्टीकडे येतो. तीन वर्षांपूर्वीचा हंगाम ऐन भरात होता. जिनच्या माळ्यावर लोखंडी जाळीचा मार्ग होता. त्यावरून बायका डोक्यावर कपाशी घेऊन जात. कुरुंद्याच्या चतुराबाई त्या जाळीवर होत्या. वरच्या साखळीला टांगलेली रुईची दाबलेली गाठ सुटली आणि त्यांच्या शेजारीच आदळली. जाळीचे गज वाकले. चतुराबाईंचा पाय खाली गेला आणि दोन गज त्यांच्या नडगीवर आवळून बसले.

सोनाजी लोहार पहार घेऊन धावले. पहार घालायला फटच नव्हती. करवत लावली, तर प्रत्येक ओढीला गज थरथरे आणि थेट हाडावर घासे. चतुराबाईंची किंकाळी ऐकून सोनाजींनी करवत टाकली. म्हणाले, "माझ्यानं न्हाई व्हायचं. हाड मोडंल तिचं." पाऊल निळे पडत चालले होते.

तेव्हा मिस्त्री आले. वाकून पाहिले आणि म्हणाले, "गज जाळून तोडावा लागंल. मशीनची तार इथवर येती."

सभाजनहो, जिनघराच्या दारावर विडी-काडीला मनाई असल्याची पाटी आहे. त्या जाळीखाली, फळ्यांवर, भिंतींवर, हवेतसुद्धा रुई होती. आणि हा माणूस तिथे ठिणग्यांचा पाऊस पाडायला निघाला होता. अध्यक्षमहाराज इथे बसले आहेत, त्यांना आठवत असेल. त्यांनी विचारले, "मिस्त्री, पेट घेतला तर?"

"इझवू."

"न्हाई इझला तर?"

"मालक, तुमी भाईर जावा. म्या हितं हाय."

किसनरावजींनी अंगातला कोट काढला, हौदात बुडवला आणि स्वतःच्या हाताने जाळीखालच्या फळ्यांवर अंथरला. तो कोट लग्नातला होता. मुकादम द्वारकाबाईंनी बायकांना हाका मारल्या आणि हौदापासून भिजलेली पोती हातोहात येऊ लागली.

मिस्त्रींनी एका गोष्टीला फार वेळ घेतला. आम्हाला वाटले, हा माणूस घाई का करीत नाही? ते चिमटा कुठे लावायचा ते पाहत होते. वीज काडीतून निघते ती चिमट्याकडे परत जायला. चिमटा चुकीच्या जागी लागला, तर ती वाटेत बाईच्या अंगातून जाण्याची भीती. त्यांनी जो गज तोडायचा होता त्यालाच, तोडायच्या जागेला लागून, चिमटा आवळला. चतुराबाईंच्या डोक्यावर ओले घोंगडे टाकले. मग डाव्या हाताचे बोट त्यांची नडगी आणि गज यांच्या मध्ये सारले.

घोंगड्याच्या आतून आवाज आला, "काहून रे मिस्त्री, काय करून राहिला?"

"गज तापला का कळाया पायजे ना बाई. माझं बोट भाजलं की थांबतो."

"माझा पाय जोडतो का तोडतो, आधी सांग."

"तुमी गप बसल्या तर दोन्ही न्हाई."

एका हातात काडी, दुसरा हात गजात. डोळ्यांपुढे धरायची काळी काच कोणी धरायची? ती मी धरली, त्यांच्या तोंडासमोर, स्वतःचे तोंड फिरवून. त्यामुळे पुढचे मी ऐकलेले सांगतो. तडतड सुरू झाली. मध्येच थांबली. फुंकर मारल्याचा आवाज आला, ओले फडके चुरचुरले, पुन्हा तडतड. एक काडी संपली, दुसरी लागली. मग खालून द्वारकाबाई ओरडल्या, "लागली! आग लागली!"

कोणीतरी बादली उचलली. मिस्त्री ओरडले, "पाणी नगं! काडीत वीज हाय! पोत्यानं दाबा!"

माझे पाय पळायला तयार होते. हात मात्र काचेला धरून होता, म्हणून पायांना थांबावे लागले. खाली बायका पोती आपटत होत्या. धुराने काही दिसेना. आणि चतुराबाई घोंगड्यातून सांगत होत्या, "मिस्त्री, तुमी जा आता. जा म्हनते ना. तुमचीबी लेकरं हायेत."

ते गेले नाहीत. बोटही काढले नाही. मांस भाजल्याचा वास आला तेव्हा मला वाटले, पाय गेला. तो वास पायाचा नव्हता.

गज तुटल्याचा ठण्ण आवाज झाला. मिस्त्रींनी काडी दूर फेकली, सोनाजींनी पहार घालून तापलेला गज बाजूला वाकवला आणि बायकांनी चतुराबाईंना वर ओढून घेतले. मग सर्व बादल्या एकदम रिकाम्या झाल्या. त्यातल्या बऱ्याचशा माझ्या अंगावर.

पाय वाचला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले की नडगीवर भाजल्याची खूण कशी नाही. चतुराबाई म्हणाल्या, "खूण हाय. मिस्त्रीच्या हातावर हाय. तिकडं जाऊन बगा." इतके बोलल्या आणि मग त्या पहिल्यांदा रडल्या.

ते बोट आता वाकत नाही. मिस्त्रींना त्याबद्दल विचारले तर ते म्हणतात, काडी उजव्या हातात धरायची असते. आता ते निजामाबादकडे साखर कारखान्यात चालले आहेत. तिथे मोठी मशीने आहेत, मोठे काम आहे. माणसाने पुढे जावे हे खरेच. पण इथे काही मोडले तर आता काय करायचे, याचे उत्तर आमच्यापैकी कोणाकडे नाही. मी गोदामात शोधून पाहिले.

अध्यक्षमहाराजांनी मला बोलू दिले, आपण ऐकून घेतले, याबद्दल ऋणी आहे. बोलताना कुणाचा मान राखायचा राहिला असेल, यंत्राविषयी काही चुकीचे सांगितले असेल, तर ते पदरात घ्या आणि मोठ्या मनाने सोडून द्या.

आता सत्कारमूर्तींना हार घालण्यासाठी मी चतुराबाईंना विनंती करतो. त्या कुरुंद्याहून आल्या आहेत. मंचाच्या पायऱ्या लाकडी आहेत की लोखंडी, हे त्यांनी सकाळीच येऊन पाहून ठेवले आहे. बाई, या. सावकाश या, आम्ही थांबतो.