बाटली कशानं धुतली?

हॅलो? … कोण, आपोंडी? हं, बोल गं. ओमेना मासे तव्यावर आहेत, लवकर बोल… अगं ऐकू येतंय, ओरडू नकोस!

काय? बाटली? … हां, आपल्या विहिरीच्या पाण्याची. तुझं औषध टाकल्यावर दिव्याखाली हिरवीगार चमकली, तीच ना? फॉस्फेट आहे, खताचं असेल, कालच म्हणालीस की…

मीच भरली. … धुतली म्हणजे काय, धुतलीच! किसुमूच्या तुझ्या प्रयोगशाळेतल्या शिकलेल्या लोकांसमोर माझ्या घरची बाटली मळकी पाठवू? साबणाच्या पुडीनं खसाखसा घासली. … विसळली ना… थोडीशी.

हॅलो? आपोंडी? नीट बोल, काय म्हणालीस?

काय? साबणातही तेच असतं? … म्हणजे चमकला तो माझा साबण? … हो, हो, नक्की नाही, पण असू शकतं. अगं बाई!

… हो, सांगितलं होतंस, नुसत्या विहिरीच्या पाण्यानं विसळ म्हणून. मला वाटलं, तुझा आळस… अगं ऐक ना. मी घोळ घालून बसलेय.

काल तुझा फोन ठेवला नि तडक विहिरीवर गेले. … हो, सगळ्यांना सांगितलं! माझी लेक म्हणते, पाण्यात खत उतरलंय. आता विहिरीच्या वरच्या अंगाला सुकुमाच्या भाजीचा मळा कुणाचा? ओकुमूच्या आईचाच ना. … नाव नाही घेतलं मी! … नुसतं तिकडं बघितलं. बायांनी तिचा कॅन लाथाडला गं. विहिरीला शिवायचं नाही म्हणाल्या. … मी? मी उभी होते. बघत.

… रागव, रागव. तू तापानं फणफणलीस तेव्हा तिनंच तुला पाठीला बांधून दवाखाना गाठला होता, ते मी विसरले का? रात्रभर डोळा लागला नाही माझा. … आता सरोवरावर जाते ती पाण्याला. … हो, मगरी आहेत त्याच काठाला. दुसरीकडं कुठं जाणार?

नवी बाटली? भरते. साबण नाही, शप्पथ! … आणि खत तिच्याच मळ्याचं निघालं तर? … निघू दे, तेव्हा बघू. तोवर तिनं का म्हणून… थांब. थांब जरा. कुंपणापलीकडून कोण चाललंय… तीच आहे गं. डोक्यावर पिवळा कॅन. इकडं बघतसुद्धा नाहीये.

ठेव तू फोन! … जळू देत ओमेना! … ए ओकुमूच्या आई! अगं थांब, तिकडं नको जाऊस! विहिरीवर चल, मी येते बरोबर. सगळ्यांसमोर सांगते… साबण माझा होता!