चुकलेली किस्त

लालबागच्या बँकेत घराच्या लोनसाठी थांबलेले नवरा-बायको माझ्याच बाकावर बसले होते.

“साहेब म्हणाले, जुन्या लोनची किस्त भरायची चुकलेली दिसते. कोणाला जामीन राहिले तुम्ही?” बायकोने विचारलं.

“कोणालाच नाही.”

“गिरधर भाऊजींची मोटरसायकल कोणाच्या नावावर आहे?”

“त्याच्याच.”

“मग गावी बहादरपूरला गेलं की ते तुम्हाला बाजूला नेऊन काय बोलतात?”

“केळीचा भाव.”

“माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगा.”

त्याने ठेवला.

साहेब फाइल घेऊन आले. “अनंतराव, तुमचं साफ आहे. किस्त निर्मलाताईंची चुकली. बायांच्या बचत गटातून शिलाई मशीनसाठी लोन उचललं होतं.”

“निर्मला, आपल्या घरी मशीन कुठे आहे?”

“गटात बाया एकमेकींसाठी आपल्या नावावर उचलतात.”

“तू कोणासाठी उचललं?”

“ते घरी सांगते. आधी मोटरसायकलचं खरं सांगा.”