दोन महिन्यांत दोनच मग

(उंच इमारतीच्या बाहेर, पोलादी दोरांवर लटकणारा काचा पुसायचा पाळणा. एका टोकाला दाजी, दुसऱ्या टोकाला त्यांचा मेहुणा बारक्या. मधे पाण्याच्या बादल्या.)

दाजी: तिसऱ्या मगालाच वाजला? नक्की?

बारक्या: तुम्हीही ऐकलात की, दाजी. आपण दोघं आत, दोन बादल्या भरलेल्या, वर दोन मग. तिसरा ओतला आणि जादा वजनाचा भोंगा कोकलला. तो मग परत काढला तेव्हा कुठे पाळणा हलला.

दाजी: म्हणजे कालच्याइतकंच.

बारक्या: परवाच्याइतकंही.

दाजी: दोन महिने पोट मारतोय. तेव्हा भरलेल्या बादल्यांवर एक मगही चढत नव्हता. मी जेवढा हलका होईन तेवढं पाणी जास्त चढायला पाहिजे. एक मग म्हणजे एक किलो. दोन महिन्यांत दोनच मग?

बारक्या: मग थोडा चेपलाय. पावणेदोन धरा.

दाजी: सोमवारी तपासणी आहे. शंभराच्या वर निघालो तर मुकादम वर पाठवणार नाही. सुरक्षेचा पट्टा शंभर किलोचाच आहे म्हणाला. सुरुवातीला मी एकशे आठ होतो. त्यातून दोन गेले, किती?

बारक्या: एकशे सहा.

दाजी: मला येतं. तुला येतं का बघत होतो.

बारक्या: दाजी, एकदा खऱ्या काट्यावर उभे राहून बघा ना. औषधांच्या दुकानाबाहेर आहे.

दाजी: त्याला कोणी तपासलंय? लोक बूट घालून, पिशव्या घेऊन उभे राहतात. आपला पाळणा बघ. दरवर्षी माणूस येतो, लोखंडी वजनं ठेवतो, भोंगा वाजवून बघतो, शिक्का मारतो. असा काटा राजाच्या घरीसुद्धा नसेल.

बारक्या: ते आहे. डबा द्या इकडे.

दाजी: घे. आणि चाटूनपुसून खा. तुझी ताई झाकणसुद्धा उघडून बघते.

बारक्या: अंडी, उकडलेल्या भाज्या, दही. तुम्ही एक अंडं तरी घ्या.

दाजी: नको.

बारक्या: अर्धं?

दाजी: अर्ध्या अंड्याने कोणाचं भलं झालंय? खा. अन्न टाकायचं नाही, आणि भरलेला डबा घरी न्यायचा नाही. दोन्ही कायदे मी पाळतो.

बारक्या: पाळतो मी. तुम्ही फक्त डबा देता.

दाजी: मग उपकार कर आणि गप्प खा.

बारक्या: ...संपला. दाजी, ती काच तुम्ही तिसऱ्यांदा पुसताय.

दाजी: डाग आहे.

बारक्या: आतल्या बाईंच्या टेबलावरचं फूल आहे ते.

दाजी: मग आतून पुसायला सांग त्यांना.

बारक्या: त्या हात जोडतायत. बहुतेक पुरे म्हणतायत.

दाजी: नमस्कार करतायत. नमस्कार, बाई.

बारक्या: तुम्हाला घाम केवढा आलाय. एवढा वारा सुटलाय, मी जॅकेटची चेन ओढतोय वरपर्यंत.

दाजी: मग ओढ की.

बारक्या: अर्ध्यात अडकते. धुऊन आटलंय बहुतेक.

दाजी: कापडच हलकं आजकाल.

बारक्या: आणि तुमचा वायपर थरथरतोय.

दाजी: वाऱ्याने.

बारक्या: वारा माझ्याही टोकाला आहे.

दाजी: तू काय मला शिकवणार रे? कालचं पोर! हात धरून चढवलं मी तुला वर! आता तोंड वर करून... आपण कितव्या मजल्यावर आहोत?

बारक्या: दाजी, हे तुम्ही मला विचारताय?

दाजी: विचारलं तर सांग ना.

बारक्या: खाली बसा. आहे तिथेच. पट्ट्याचा हूक लावलेलाच राहू दे.

दाजी: पाळणा खाली घेऊ. बटण कुठाय माझं?

बारक्या: नका! हात काढा तिथून. दोघांनी एकदम दाबलं तरच सरळ उतरतो. तुम्ही एकटेच दाबत बसलात तर तुमचं टोक खाली आणि मी तुमच्या डोक्यावर. बसा, सांगतो ना. ताईला फोन लावतो. स्पीकरवर ठेवतो.

ताई: बोल पटकन. मशीन चालू आहे, बाही अर्धी झालीये.

बारक्या: ताई, दाजींना दरदरून घाम आलाय, हात थरथरतायत आणि कितवा मजला ते मला विचारतायत.

ताई: मशीन बंद केलं. सकाळी शुगरची गोळी घेतली ह्यांनी, माझ्यासमोर. डबा खाल्ला का?

बारक्या: डबा संपला.

ताई: ते नाही विचारलं मी.

बारक्या: खाल्ला गेला.

ताई: कोणाकडून?

बारक्या: माझ्याकडून.

ताई: आणि कालचा?

बारक्या: तोही.

ताई: काल रात्री म्हणाले, कामावरच जेवून आलो.

बारक्या: कामावर पाणी प्यायले.

ताई: बारक्या, तुला ओरडायला मला आयुष्य पडलंय. आत्ता ऐक. तुझा चहा आहे का? तुझा तो पाक?

बारक्या: थर्मासमध्ये आहे अजून.

ताई: ओत कपात आणि दे. शुद्धीवर आहेत ना? नीट गिळता येतंय ना?

दाजी: मी बिनसाखरेचा घेतो.

ताई: अहो, आज नाही. साखर खाली गेली की आधी साखर, बाकीचं शहाणपण मागून. डॉक्टरांनी मला बजावून ठेवलंय.

दाजी: फार गोड आहे.

ताई: छान. सगळा संपवा.

बारक्या: संपवला. आता उतरू का?

ताई: बटण दोघांना दाबावं लागतं ना? मग त्यांचे हात थांबेपर्यंत कोणी काही दाबायचं नाही. पंधरा मिनिटं बसा. नाही थांबले तर आणखी चहा. आणि गळाठायला लागले, बोलेनासे झाले, तर तोंडात काही घालू नकोस, सरळ अग्निशमनला फोन कर. तोवर मी इथेच आहे.

बारक्या: आतल्या बाईंनी पाण्याची बाटली दाखवली. काच उघडत नाही म्हणून मीच हात जोडले.

ताई: अहो, ऐकू येतंय का? हे कशासाठी केलंत?

दाजी: वजन कमी होईना.

ताई: कोण म्हणतं?

दाजी: भोंगा.

ताई: कसला भोंगा? मी तुमची पँट दोनदा आत घेतली. म्हटलं पण तुम्हाला, कंबर उतरली म्हणून.

दाजी: मला वाटलं, मला बरं वाटावं म्हणून म्हणतेस.

ताई: वीस वर्षांत मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून काय म्हटलंय?

दाजी: हं. ते लक्षात यायला पाहिजे होतं.

बारक्या: पण ताई, भोंगा खोटं बोलत नाही. रोज सकाळी बघतो आम्ही. दाजी हलके झाले तर पाणी जास्त चढेल. चढतच नाही.

ताई: भोंगा कोणाचं वजन मोजतो?

बारक्या: पाळण्यातलं.

ताई: पाळण्यात काय काय असतं?

बारक्या: दाजी. बादल्या. साबणाचा डबा.

ताई: आणि?

बारक्या: वायपर.

ताई: आणि, बारक्या?

बारक्या: ...मी.

ताई: तुझ्या पँटी कोणी सैल केल्या?

बारक्या: तू. दोनदा. नाही, तीनदा.

ताई: त्यांचं कापड आत घेत होते आणि तुझं बाहेर सोडत होते. मी म्हणतेय, हा कुठे बाहेर चरतो? मीच घालत होते की तुला. अंडी मोजून!

दाजी: थांब. म्हणजे मी जे उतरवत होतो...

बारक्या: ते मी चढवत होतो.

दाजी: पाळण्याबाहेर काही गेलंच नाही.

बारक्या: दोन मग गेले.

दाजी: आणि मी भोंगा ऐकून अजून कमी खायचो. कमी खाल्लं की डबा तुला. तुला डबा की भोंगा पुन्हा तिथेच.

बारक्या: दाजी, गेल्या आठवड्यात तुम्ही रात्रीचंही सोडलंत, तेव्हा मी म्हटलं होतं, नका.

दाजी: तेव्हा तुझ्या तोंडात घास होता. मला वाटलं, वा म्हणालास.

ताई: डॉक्टर काय म्हणाले होते? महिन्याला दोन किलो पुष्कळ झाले. आणि जेवण कमी करायच्या आधी मला सांगा, गोळीही बदलावी लागेल. म्हणाले होते की नाही?

दाजी: म्हणाले असतील. मला कमी करा एवढंच ऐकू आलं.

ताई: जिन्यात मधेच टेकता, बसमध्ये झोपून दोन थांबे पुढे जाता. मी समजत होते, वय झालं.

दाजी: माझाही तोच समज होता. हात दाखवतो बारक्याला. बघ रे.

बारक्या: कमी झालंय. अजून आहे थोडं. घामही सुकतोय. कितवा मजला, दाजी?

दाजी: अकरावा. आणि ते फूल प्लॅस्टिकचं आहे.

ताई: उतरल्यावर आधी नीट जेवायचं. साखर नुसती उसनी असते. मी डॉक्टरांना फोन लावते, दुपारी जाऊ. ठेवते. बारक्या, तू रात्री घरी ये. तुझ्याशी बोलायचंय.

बारक्या: जेवायला?

ताई: बोलायला.

दाजी: ठेवला तिने. बारक्या, ऐक. म्हणजे मी शंभराच्या आसपास आलोय. आतच असेन.

बारक्या: असाल.

दाजी: सोमवारी पास होईन.

बारक्या: व्हाल.

दाजी: मग आजचं मुकादमाच्या कानावर जायला नको. डॉक्टर गोळी बदलेल, मी डबा खाईन, विषय संपला. आतल्या बाई काही त्याला ओळखत नाहीत.

बारक्या: मी नाही सांगणार.

दाजी: शाब्बास.

बारक्या: पण गोळीचं नक्की होईपर्यंत तुमच्याबरोबर वर येणारही नाही.

दाजी: म्हणजे सांगितल्यासारखंच झालं की.

बारक्या: तुम्ही बटण शोधत होतात, दाजी. तुमच्या हाताखालीच होतं.

दाजी: ...एकोणीस वर्षं वर काढली मी. खाली उभं राहून काय करू? येणाऱ्याजाणाऱ्यांना सांगू, इकडून जाऊ नका, तिकडून जा?

बारक्या: माझंही वाईटच आहे. तुम्ही खाली, म्हणजे मला त्या मुक्याबरोबर जोडणार. तो दिवसभर एक शब्द बोलत नाही. आणि मी वर येतो ते तुम्ही बडबडता म्हणून. गप्प बसलं की मला उंची कळते.

दाजी: चार वर्षं झाली तुला. अजून?

बारक्या: रोज.

दाजी: बोलला नाहीस कधी.

बारक्या: तुम्ही कुठे बोललात?

दाजी: डॉक्टर किती दिवस सांगेल?

बारक्या: त्यांना विचारा. ह्या वेळी पूर्ण ऐका.

दाजी: बघ, हात थांबले.

बारक्या: दोन्ही दाखवा.

दाजी: हे घे, दोन्ही.

बारक्या: ठीक आहे. उतरू. मी तीन म्हटलं की दाबा.

दाजी: थांब. उतरल्या उतरल्या मीच सांगतो मुकादमाला. तू मधे बोलू नकोस. तुला धड खोटंही येत नाही आणि खरंही.

बारक्या: बरं.

दाजी: काय म्हणेल? खाली थांब म्हणेल. थांबू.

बारक्या: दाजी, खालच्या माणसाला वर बघत राहावं लागतं ना? पाळण्याकडे?

दाजी: सतत. नजर हलवायची नाही. मान धरते संध्याकाळपर्यंत.

बारक्या: बरं. एक... दोन...