मोटर सुरू झाली की

मुलगी : मेन स्विच बंद केलाय मी, बाबा. घरात एक दिवा लागत नाहीये. आणि हे बघा, नळाला टेस्टर टेकवला की पेटतोय.

बाबा : तुझा टेस्टर बिघडला असेल.

मुलगी : वायरमनचं काम करते मी. याच टेस्टरवर पोट भरते. तो नाही बिघडला. आईचा हात बघा, कोपरापर्यंत मुंग्या आहेत अजून.

आई : थोडासाच बसला गं शॉक. भांडू नका.

मुलगी : तू आधी सिंकपासून लांब हो. बाबा, आपली वीज बंद आहे, म्हणजे हा करंट बाहेरून येतोय. अर्थिंगच्या तारेवरून. ती तार कुठे जाते?

बाबा : जमिनीत. आणखी कुठे जाणार?

मुलगी : मागच्या खड्ड्यात. त्याच खड्ड्यात काकांच्या घराची तार येते. दोघा भावांनी घर वाटून घेतलंत, मध्ये भिंत घातलीत, खड्डा तेवढा एकच ठेवलात.

बाबा : त्याचं नाव काढू नकोस या घरात.

मुलगी : नाही काढत. भिंतीपलीकडची घरघर तरी ऐका. त्यांची पाण्याची मोटर. तिचा करंट अर्थिंगला उतरतोय. खड्ड्यातली पट्टी गंजलीय, म्हणून जमिनीत जिरत नाही. आपल्या तारेनं उलटा वर चढतो आणि गीझरवरून नळात येतो.

(पलीकडची मोटर थांबते.)

मुलगी : बघा. विझला टेस्टर.

बाबा : हं.

मुलगी : नुसतं हं? तुम्हाला नवल नाही वाटलं?

बाबा : कशाचं नवल?

मुलगी : सिंकखाली ही रबरी चटई कुणी आणून टाकली?

बाबा : पाय गार पडतात तिचे.

मुलगी : माझ्याकडे बघून बोला.

बाबा : होतं मला माहीत. मग काय करू? धाकट्याच्या दारात जाऊन उभा राहू? भिंत घातली त्या दिवशी म्हणाला, पुन्हा तोंड दाखवू नकोस. मी नाही जाणार.

मुलगी : तुमचं नाक वर राहावं म्हणून आईनं जीव धोक्यात घालून भांडी घासायची? मला एक फोन केला असतात तरी चाललं असतं. लाज वाटते मला तुमची.

बाबा : सांभाळत होतो मी तिला. मोटर लागली की लगेच बाहेर बोलवायचो. आज जरा डोळा लागला, म्हणून…

आई : म्हणून हाक मारायचात?

बाबा : अगं…

आई : रोज संध्याकाळी. 'ये, बस जरा माझ्याजवळ.' मी भांडी तशीच टाकून ओल्या हातांनी यायचे. मला वाटलं, या वयात माझी सोबत हवीशी वाटायला लागली.

बाबा : तसंही होतं गं.

मुलगी : मी जाते काकांकडे. मोटरची वायर काढूनच येते.

आई : मीही येते. माझं कुणाशी भांडण नाही.

बाबा : थांबा, मी येतो.

आई : तुम्ही बसा. मोटर दुरुस्त झाली, की मग मारा हाक. बघू, मारताय का.