शामकांतरावांचा विलायती टब

…टब हो, टब! आंघोळीचा टब! माणूस घोंगडी घेईल, पितळी डबा घेईल, फार तर भिंतीवरचं घड्याळ घेईल. पण कोर्टातला कारकून, माळीवाड्यात दोन खोल्यांत राहणारा, नळाला पाणी येतं ते सकाळी तासभर, तेही रुसल्यासारखं... आणि त्या शामकांतरावांनी घरात काय आणावं? तर साहेबाचा टब! लढाई संपली, कॅम्पातले साहेब लोक बोजा आवरून विलायतेला निघाले, बंगल्या-बंगल्यासमोर लिलाव लागले, आणि नेमका त्याच वेळी शामकांतरावांच्या हातात थकलेला महागाई भत्ता पडला. भत्ता म्हणजे, तुम्हाला सांगतो, हातात येत नाही, अंगात येतो!

बरं, नीलांबरीबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. शेवगावच्या कोरड्या मुलखातून लग्न होऊन नगरला आलेल्या त्या, कधीपासून एकच म्हणत होत्या, "अहो, एकदा डोंगरगणला जाऊ या ना. तिथं झरे आहेत म्हणे, दरीत पाणी कोसळतं म्हणे. टांगा करू, धपाटे बांधून घेऊ, दिवसभर बसू." झालं! शामकांतरावांनी चष्मा कपाळावर चढवला. "अगं, सकाळी गेलो, संध्याकाळी आलो, हातात काय? धूळ! वस्तू राहते, मजा उडून जाते!"

हे वाक्य त्यांचं त्यांनाच इतकं आवडलं, की लिलावात साहेबाचा खानसामा नुसतं म्हणाला, "हुजूर, साहब इसमें घंटाभर लेटता था," आणि दिवसभर फायलींवर वाकून कंबर धरलेल्या शामकांतरावांचा हात आपोआप वर गेला!

टब हातगाडीवरून आला. पांढराधोप, लोखंडी, खाली सिंहाचे पंजे! मोरीत मावेना म्हणून बाहेरच्या खोलीत ठेवला, तर खोलीच टबात ठेवल्यासारखी दिसायला लागली. घरमालकीण लंकाबाई पदर तोंडाला लावून बघतच राहिल्या. "आवो शामराव, ह्ये काय आनलंत? म्हशी बांधनार हाय व्हय हितं?"

"लंकाबाई, वस्तू राहते!" शामकांतराव म्हणाले.

"ऱ्हाईल की! पर तुमी कुटं ऱ्हानार?"

आता विचारा, आंघोळ केली का? केली! रविवारी केली. थंडीचे दिवस, जळण महाग, आणि घरातला बंब केवढा, तर पाच-सहा बादल्यांचा! नीलांबरीबाई आपल्या बंब पेटवतायत, ओततायत, पुन्हा पेटवतायत. तिसरा बंब तापेपर्यंत पहिला गार! शेवटी शामकांतराव आत उतरले, पाय ताणले, डोळे मिटले... आणि दात वाजायला लागले! साहेब घंटाभर पडायचा, हे पाच मिनिटांत बाहेर! आणि बाहेर येता येता साहेबासारखं ऐटीत खालचं बूच उपटलं!

अहो, साहेबाच्या बंगल्यात त्या बुचाखाली पाणी बाहेर नेणारा नळ होता! इथं काय होतं? जमीन! पाणी खोलीभर, तिथून उंबऱ्यावरून अंगणात, आणि अंगणात लंकाबाईंनी संक्रांतीचे तीळ धुऊन वाळत घातलेले. तीळ निघाले की हो गटाराकडे! लंकाबाई कडाडल्या, "टब तरी काडा, न्हाईतर खोली तरी सोडा! संक्रांतीच्या आत!"

शामकांतराव ओल्या पंचात तसेच उभे. वाटलं, आता घरातूनही तोफ सुटणार. पण नीलांबरीबाई काहीसुद्धा बोलल्या नाहीत. पदर खोचला, खाली बसल्या आणि फडक्यानं पाणी टिपायला लागल्या. तुम्हाला सांगतो, बायको बोलली तर माणूस उलट बोलू शकतो. गप्प बसली तर करायचं काय? शामकांतराव दुसरं फडकं घेऊन शेजारी बसले. "वस्तू राहते," हे त्या दिवशी त्यांच्या तोंडून निघेना.

आणि खरंच राहिली हो वस्तू! कुणी घेईना! कोर्टात विचारलं, लोक हसले. लिलाववाल्याला विचारलं, त्यानं हात जोडले. संक्रांत आली तोंडावर, आणि एक दिवस दारात उभा राहिला इब्राहिम टांगेवाला. टबाभोवती फिरला, बोटानं टिचकी मारली. "शामरावसाब, आपल्या घोड्याला पानी प्यायला झकास हाय. पर पैसा न्हाई जी आपल्याकडं. टांगा हाय."

"टांगा घेऊन काय करू मी?" शामकांतराव करवादले. "म्हणजे पुन्हा तेच, वस्तू जाणार आणि..."

तेवढ्यात आतून आवाज आला. अगदी शांत. "इब्राहिमभाई, डोंगरगणला नेता का?"

गेले! नेले गेले म्हणा! वाटेत एका शेतकऱ्यानं हाक मारून हुरडा दिला, डोंगरगणला माकडानं धपाट्यांचं गाठोडं पळवलं, त्याच्यामागं धावता धावता शामकांतराव घसरले ते थेट झऱ्यात! धोतर भिजलं, टोपी वाहून गेली, आणि नीलांबरीबाई काठावर बसून अशा हसल्या, अशा हसल्या, की लग्नापासून हा आवाज आपण ऐकलाच नव्हता, हे शामकांतरावांच्या तेव्हा ध्यानात आलं. मग उठायचं सोडून त्या पाण्यातच पाय ताणून बसले. बंब नाही, बादली नाही, बूच नाही!

आता वर्ष होत आलं. पण हळदीकुंकू असो, बारसं असो, नळावरची रांग असो, नीलांबरीबाईंचं सुरूच, "अगं, माकड पुढं, हे मागं, आणि टोपी...!" लंकाबाई तर ऐकायला मुद्दाम येऊन बसतात. चहा होतो, साखर रेशनची, आणि शामकांतराव आतल्या खोलीत फाईल मिटून उसासा टाकतात, "टब निदान घोड्याच्या गळ्यात मारता आला. ही मजा आता कुणाच्या गळ्यात मारू?"