शून्य दाखवणारं यंत्र

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर शिंपीणबाई नवऱ्याच्या तपासणीची वाट बघत बसल्या होत्या. शेजारी रंगाच्या कारखान्यातले दोघे येऊन टेकले, एक पिकल्या मिशांचा मुकादम आणि दुसरा यंत्रं सांभाळणारा मेकॅनिक. दोघांचे आवाज दबके होते, पण बाईंचे कान तिखट.

"टाकी धुणारा गडी आत नळ्या लावून पडलाय. वायू ओळखणाऱ्या तुझ्या त्या यंत्राने बोंब का नाही मारली?"

"यंत्र चांगलं आहे, मामा. आत स्फटिकाची चकती थरथरत असते. तिच्यावर वायू बसला की ती जड होते, थरथर मंदावते आणि आकडा चढतो."

"मग चढला का नाही?"

"चढायचा की. रोज सकाळी तीन, चार दाखवायचा. मला वाटलं, दमट हवेने भरकटतोय. मी बटण दाबून शून्य करायचो."

"कुठे उभं राहून?"

"रोजच्यासारखंच."

"अरे, पण कुठे?"

"तिथंच. टाकीजवळ."

"बाहेर मोकळ्या हवेत नेऊन शून्य करायचं असतं ना?"

"चार जिने उतरा, पुन्हा चढा…"

"म्हणजे गळती आधीपासून होती, रोज थोडी वाढत होती, आणि तू यंत्राला रोज तीच स्वच्छ हवा म्हणून शिकवलीस."

"अकरा दिवस."

"त्या गड्याला काहीच जाणवलं नाही?"

"जाणवलं ना. डोकं धरून आला होता माझ्याकडे. म्हणाला, दादा, काहीतरी गळतंय."

"मग?"

"मी त्याला यंत्र दाखवलं. म्हटलं, बघ, शून्य आहे."